आधुनिक चिनी समाजाचे चित्रपट व इतर माध्यमांतील चित्रण

विसाव्या व एकविसाव्या शतकांतील चिनी समाजाची जी प्रतिमा चित्रपट, वार्तापट, वृत्तपत्रे, पोवाडे, प्रवासवर्णने, आकाशवाणी व दूरदर्शन यांतून लोकांपुढे आली, तिचा हा आढावा मुख्यतः मराठी प्रेक्षक व वाचक डोळ्यांपुढे ठेवून घेतला आहे. चीनविषयी मराठी माणसास जे ठाऊक आहे, त्यातील फार थोडे प्रत्यक्ष ओळखीतून आलेले आहे. दोन्ही देशांची सीमा लागून असली, तरी मध्ये हिमालय आहे आणि भाषेची भिंत त्याहून उंच आहे. त्यामुळे माध्यमांनी जे दाखविले तेच खरे मानले गेले व जे दाखविले नाही ते नसल्यासारखेच झाले.

चित्रपटाच्या आगमनापूर्वी महाराष्ट्रात चीनची ओळख वस्तूंवरून होती. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या घरोघर असत. मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीने चीन म्हणजे कापूस व माळव्याची अफू यांची बाजारपेठ होती. एकोणिसाव्या शतकात जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या पारशी व्यापाऱ्यांच्या संपत्तीचा पाया याच व्यापारात घातला गेला. चिनी माणसे मात्र क्वचितच दिसत. सामुद्रधुनीच्या ब्रिटिश वसाहतींतून शिक्षा भोगण्यासाठी आणलेले चिनी कैदी १८३० नंतरची सुमारे तीन दशके महाबळेश्वर येथील तुरुंगात होते. त्यांनी तेथे भाजीपाल्याची लागवड केली आणि त्यांची आठवण ‘चायनामन’ या धबधब्याच्या नावात राहिली. पुढे मुंबईत माझगाव भागात एक लहानशी चिनी वस्ती उभी राहिली. १९१९ मध्ये बांधलेले तिचे मंदिर अद्यापि आहे. दंतवैद्य, केशभूषाकार व उपाहारगृहांचे मालक म्हणून शहरी लोकांस ही माणसे परिचित होती, परंतु मराठी लेखनात त्यांना फारसे स्थान मिळाले नाही.

बोलपटांच्या पहिल्या दशकात मुंबई व पुणे येथील चित्रगृहांत जो चीन दिसे तो अमेरिकन होता. एका बाजूस फू मांचूसारखा कपटी, क्रूर खलनायक व दुसऱ्या बाजूस पर्ल बक यांच्या कादंबरीवरील द गुड अर्थ (१९३७) या चित्रपटातील सोशिक शेतकरी, असे त्याचे दोन साचे होते. या दुसऱ्या चित्रपटातही शेतकरी जोडप्याच्या भूमिका पॉल म्यूनी व लुइसे राइनर या गोऱ्या नटनटींनी रंगभूषेच्या आधारे केल्या होत्या. त्याच काळात शांघायमधील चिनी दिग्दर्शक स्वतःच्या समाजाचे चित्रण अधिक भेदकपणे करीत होते. वू योंगकांग यांचा देवी (१९३४) व युआन मुची यांचा रस्त्यावरील देवदूत (१९३७) हे नगरातील दारिद्र्य, देहविक्रय व बेकारी यांवरील चित्रपट आज अभिजात गणले जातात. भारतीय प्रेक्षकांपर्यंत ते अनेक दशके पोहोचले नाहीत. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली ती १९३३ मध्ये, म्हणजे नेमक्या याच सुमारास. समाजप्रश्नांवर निर्भीडपणे बोलणारी ही दोन चित्रपटकेंद्रे समकालीन असूनही एकमेकांस अनोळखी राहिली.

परिस्थिती बदलली ती जपानच्या आक्रमणामुळे. जुलै १९३७ मध्ये चीन-जपान युद्ध पेटले. चिनी आठव्या मार्गसेनेचे सेनापती जू द यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची विनंती केली आणि काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ मध्ये जनतेस आवाहन करून निधी उभारला. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने रवाना झाले. अलाहाबादचे मदनमोहन अटल हे पथकाचे प्रमुख असून नागपूरचे मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे विजयकुमार बसू व देवेश मुखर्जी आणि सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१९१०–४२) हे त्यातील इतर सदस्य होत. चीनमध्ये प्रत्येकाच्या चिनी नावाच्या अखेरीस चीनवाचक ‘हुआ’ हे अक्षर जोडण्यात आले. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. १९३९ च्या आरंभी ते येनान येथे पोहोचले. पुढे उत्तर चीनच्या आघाडीवर त्यांनी शस्त्रक्रियेचे काम केले व कॅनेडियन शल्यविशारद नॉर्मन बेथून (मृत्यू १९३९) यांच्या नावाने चाललेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते १९४१ मध्ये संचालक झाले. त्याच वर्षी परिचर्याशास्त्राच्या अध्यापिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुत्र जन्मला. त्याचे नाव ‘यिनहुआ’, म्हणजे भारत व चीन, असे ठेवण्यात आले. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने कोटणीस निधन पावले. त्या वेळी ते अवघे बत्तीस वर्षांचे होते.

ही हकीकत भारतात आणली ती मुख्यतः ख्वाजा अहमद अब्बास (१९१४–८७) यांनी. विजयकुमार बसू १९४३ मध्ये परतल्यावर अब्बास यांनी अँड वन डिड नॉट कम बॅक हे इंग्रजी पुस्तक लिहिले व ते १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुस्तकाचे नावच कथेचे मर्म सांगते: पाच गेले, एक परतला नाही. त्यावरून अब्बास व वि. प. साठे यांनी पटकथा तयार केली आणि व्ही. शांताराम (१९०१–९०) यांनी राजकमल कलामंदिर या आपल्या संस्थेतर्फे डॉ. कोटनीस की अमर कहानी (१९४६) हा हिंदी चित्रपट काढला. परदेशांसाठी त्याची इंग्रजी आवृत्तीही तयार करण्यात आली. कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम यांनी व चिंग लान या पत्नीची जयश्री यांनी केली. बाबुराव पेंढारकर चिनी सेनानी झाले होते. संगीत वसंत देसाई (१९१२–७५) यांचे होते.

आधुनिक चिनी समाज भारतीय पडद्यावर विस्ताराने आणणारा हा पहिला महत्त्वाचा चित्रपट होय. तो निघाला ती परिस्थिती लक्षात घेतल्यावाचून त्यातील चीन समजत नाही. युद्धकाळात कच्ची फिल्म सरकारी नियंत्रणाखाली होती आणि युद्धप्रयत्नांस पूरक असे चित्रपट निर्मात्यांनी काढावेत अशी सरकारची अपेक्षा होती. जपान हा इंग्रजांचाही शत्रू असल्याने जपानविरोधी कथेस सरकारची आडकाठी नव्हती. आणि नायक काँग्रेसने पाठविलेला असल्याने प्रेक्षकांस तीच कथा राष्ट्रीय वाटत होती. एकाच कथेने दोन्ही बाजू साधण्याची ही किमया शांताराम व अब्बास यांनी चातुर्याने केली. तिची किंमत मात्र चीनच्या चित्रणास द्यावी लागली. कोटणीसांनी मृत्यूपूर्वी काही महिने, जुलै १९४२ मध्ये, चिनी साम्यवादी पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले होते. चित्रपटातील कोटणीस हे प्राधान्याने भारतमातेचे सुपुत्र आहेत व ज्या चळवळीसाठी ते झिजले तिचे राजकीय रूप पुसट झाले आहे. पडद्यावर त्यांना मृत्यू येतो तो प्लेगच्या साथीशी झुंजताना. प्रत्यक्षातील अपस्मार हा आजार त्यांना आधीपासून जडलेला होता व तो असतानाही ते आघाडीवर काम करीत राहिले, ही गोष्ट वस्तुतः अधिक मोठी आहे. पण आत्मबलिदानाच्या दृश्यास साथीचा रोग अधिक सोयीचा होता.

चित्रपटातील चिनी खेडूत, सैनिक व परिचारिका हिंदी बोलतात, हा तर संकेताचाच भाग झाला व त्याबद्दल कोणी तक्रार करू नये. खरा प्रश्न चिंग लानचा आहे. गुओ छिंगलान या स्वतः शिक्षित, पगारी काम करणाऱ्या व युद्धभूमीवर आपल्या निर्णयाने आलेल्या स्त्री होत्या. येनानच्या परिसरात स्त्रियांच्या स्थितीत जो बदल घडू पाहत होता त्याचे त्या एक उदाहरण होत्या. जयश्रींची चिंग लान गोड व धीट आहे. पण कथा जसजशी पुढे सरकते तसतशी ती भारतीय घराण्याची सून होत जाते. तिच्या रूपाने चीन भारताच्या घरात येतो, असे दिग्दर्शकास सुचवावयाचे आहे. त्या काळच्या प्रेक्षकास ते भावलेही. परंतु ज्या समाजात कोटणीस अखेरची जवळजवळ चार वर्षे राहिले, त्याचे जमीनमालक व कुळे, निरक्षरता, पायबांधणीसारख्या रूढींचे अवशेष, शेतकऱ्यांतून उभी राहिलेली सेना यांचे स्वतंत्र दर्शन चित्रपट घडवीत नाही. चीन हा तेथे एका मराठी माणसाच्या थोरवीचा पडदा आहे. पुढील चित्रणांतही हा दोष पुनःपुन्हा दिसतो.

पडद्याबाहेर मराठी समाजात चीनचे वेगळे चित्र उभे राहत होते. ते शाहिरांचे. अण्णा भाऊ साठे (१९२०–६९), अमर शेख (१९१६–६९) व द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक स्थापन केले व गिरणगावात तसेच खेडोपाडी कार्यक्रम केले. स्टालिनग्राडप्रमाणेच चिनी जनतेच्या लढ्यावरही अण्णा भाऊंनी रचना केली. या रचनांतील चिनी शेतकरी सावकार व जमीनदार यांच्याशी झगडतो, आणि म्हणूनच तो मराठी श्रोत्यास परका वाटत नाही. ज्या काळी वृत्तपत्र वाचणारा खेड्यात एखादाच असे, त्या काळी डफ व तुणतुणे यांच्या साथीने आलेले हे वृत्त कित्येकांना चीनविषयीचे पहिलेच वृत्त असावे. अमर शेख हे सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे. कोटणीस व अमर शेख एकाच जिल्ह्याचे, हा योगायोगच खरा. पण गिरण्यांमुळे जगाच्या घडामोडींशी जोडल्या गेलेल्या त्या जिल्ह्याचे वातावरण त्यामागे नव्हते असे म्हणता येत नाही.

साम्यवादी राजवट १९४९ मध्ये स्थापन झाल्यानंतरचे दशक हे भ्रातृभावाचे. चौ एन-लाय यांची जून १९५४ मधील भारतभेट व नेहरूंची त्याच वर्षी ऑक्टोबरमधील चीनभेट यांची दृश्ये फिल्म्स डिव्हिजनच्या वार्तापटांतून दाखविली गेली. चित्रगृहांत हे वार्तापट मुख्य चित्रपटापूर्वी दाखविणे सक्तीचे असे. शिरूर, दौंड यांसारख्या तालुक्यांत, जेथे चित्रपट बहुधा जत्रेतील तंबूतून पाहिला जाई, तेथे ही हस्तांदोलने व पुष्पहार हाच चीनचा चेहरा होता. पृथ्वीराज कपूर यांच्या नेतृत्वाखाली १९५५ मध्ये चित्रपट कलावंतांचे शिष्टमंडळ चीनला गेले. तेथील भारतीय चित्रपट सप्ताहात दाखविलेले आवारा व दो बिघा जमीन कमालीचे लोकप्रिय झाले. उलट दिशेने चिनी चित्रपटांचा तसा प्रवाह आला नाही. चीनने भारत पडद्यावर पाहिला. भारताने चीन वार्तापटात पाहिला.

याच सुमारास मुंबईच्या हिंदी चित्रपटाने आणखी एक चिनी माणूस घडविला. हावडा ब्रिज (१९५८) मध्ये मदन पुरी यांनी चांग हा गुन्हेगार साकारला. बंदरातील जुगारअड्डा, अफूचा धूर व तिरप्या भुवया हे सगळे साहित्य हॉलिवुडमधून जसेच्या तसे उचललेले होते. याला अपवाद बंगाली चित्रपटाचा. महादेवी वर्मा यांच्या लेखनावर आधारलेल्या मृणाल सेन यांच्या नील आकाशेर नीचे (१९५९) मध्ये कलकत्त्याच्या रस्त्यांवर कापड विकणारा चिनी फेरीवाला हा हाडामांसाचा, एकाकी माणूस आहे. मराठीत असा चित्रपट निघाला नाही.

ऑक्टोबर–नोव्हेंबर १९६२ मधील युद्धाने ही सारी चित्रे एका रात्रीत उलटी केली. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ या शब्दांत यशवंतराव चव्हाण यांच्या संरक्षणमंत्रिपदाचे वर्णन झाले. लाल बावट्याचे अमर शेख यांनीच आता हिमालयाच्या रक्षणासाठी गाणी रचून गावोगाव लोकांना साद घातली. सी. रामचंद्र यांनी संगीत दिलेले व लता मंगेशकर यांनी जानेवारी १९६३ मध्ये दिल्लीत गायिलेले हुतात्म्यांवरील गीत आकाशवाणीवरून देशभर पसरले. दि. वि. गोखले यांच्या माओचे लष्करी आव्हान या ग्रंथाने लष्करी अंगाची अभ्यासपूर्ण मांडणी केली. चेतन आनंद यांच्या हकीकत (१९६४) मध्ये चिनी सैनिक दिसतात ते जवळजवळ केवळ शत्रू म्हणून. चित्रपटाचा सारा जीव वेढल्या गेलेल्या भारतीय तुकडीत आहे. हे स्वाभाविक होते. परंतु त्याच काळात भारतातील हजारो चिनी वंशाच्या रहिवाशांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले, याची दखल चित्रपटाने दीर्घकाळ घेतली नाही. पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहिलेली ही माणसे होती. पडद्यावरचा चांग आणि सीमेवरचा सैनिक यांच्या मधली जागाच रिकामी असल्याने त्यांच्या बाजूने बोलायला प्रतिमा उरली नव्हती.

त्यानंतरची दोन दशके चीन माध्यमांना बंद होता. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) चीनमध्येही पडदा मूठभर ‘आदर्श’ संगीतिकांनी व्यापला. १९७२ मध्ये सरकारी निमंत्रणावरून गेलेले इटालियन दिग्दर्शक मिकेलांजेलो आंतोनिओनी यांनी रस्ते, चहागृहे व शेते यांचे शांतपणे निरीक्षण करणारा अनुबोधपट घेतला. त्यात प्रगती दिसत नाही म्हणून १९७४ मध्ये चिनी वृत्तपत्रांनी त्यावर झोड उठविली. सामान्य माणूस जसा आहे तसा दाखविणे हाच तेथे अपराध ठरला.

माओनंतरच्या चीनचे खरे दर्शन चिनी दिग्दर्शकांनीच घडविले. चेन काइग यांचा पिवळी माती (१९८४), झांग यिमौ यांचे लाल ज्वारी (१९८७, बर्लिन महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक, १९८८) व छिउ जूची कथा (१९९२) हे चित्रपट जगभर गाजले. छिउ जू ही गरोदर शेतकरीण गावच्या प्रमुखाने नवऱ्यास लाथ मारली म्हणून तालुक्यापासून वरपर्यंत दाद मागत जाते; तिला पैसे नकोत, चूक कबूल केलेली हवी आहे. तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घातलेल्या मराठी शेतकऱ्यास तिची चिकाटी समजावून सांगावी लागणार नाही. तिआन च्वांगच्वांग यांचा निळा पतंग (१९९३) व झांग यांचा जगणे (१९९४) यांना मात्र मायदेशी प्रदर्शनाची मुभा मिळाली नाही. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४), प्रभातच्या जागेतील फिल्म संस्था, चित्रपट मंडळे व पुढे पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव यांनी जागतिक चित्रपटांचा जाणता प्रेक्षक घडविला, आणि चिनी चित्रपटही या वाटेने येथे आला. जिल्ह्याच्या तालुक्यांपर्यंत मात्र तो पोहोचला नाही. तेथे चिनी चित्रपट म्हणजे हाँगकाँगचे मारामारीपट, असाच समज राहिला.

ही उणीव खेदाची वाटते ती विशेषतः ज्या झांगके यांच्या स्तब्ध जीवन (२००६) या चित्रपटामुळे. यांगत्सी नदीवरील तीन घळींच्या धरणाखाली जाणाऱ्या फंगज्ये या गावी एक खाणकामगार अनेक वर्षांपूर्वी दुरावलेल्या पत्नीस शोधत येतो. अर्धे गाव पाण्याखाली गेले आहे, उरलेले हातोड्यांनी पाडले जात आहे, भिंतीवर पाण्याची भावी पातळी रंगविली आहे. या धरणाने बारा लाखांहून अधिक लोकांना हलविले. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले. त्याचे फुगवट्याचे पाणी दौंड तालुक्याच्या पूर्व टोकापर्यंत येते. इंदापूर व करमाळा तालुक्यांतील गावे त्याखाली गेली, आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की जुनी देवळे व घरांचे चौथरे अजूनही उघडे पडतात. ज्यांचे गाव असे गेले, त्यांना फंगज्येची गोष्ट परदेशाची वाटण्याचे कारण नाही. पुनर्वसनाच्या कागदपत्रांची भाषादेखील दोन्हीकडे सारखीच कोरडी आहे.

एकविसाव्या शतकात चीन या परिसरात वेगळ्याच मार्गाने आला. शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत हायर या चिनी कंपनीने २००७ मध्ये एक कारखाना घेतला व पुढे त्याचा मोठा विस्तार केला. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे हे गाव. तेथून काही अंतरावर शीतकपाटे व धुलाईयंत्रे तयार होऊ लागली. अशा कारखान्यांच्या आवारात दोन समाज प्रत्यक्ष भेटतात. मात्र कादंबरीने वा चित्रपटाने हा विषय अद्याप गंभीरपणे हाताळलेला नाही. लोकांच्या मनात चीन शब्दाने उभे राहते ते चौकातील ‘चायनीज’ची गाडी, स्वस्त खेळणी व भ्रमणध्वनी. गाडीवरील पदार्थ चीनमध्ये कोणी ओळखणार नाही, हा भाग निराळा. मीना प्रभु यांचे चिनीमाती हे प्रवासवर्णन या काळात वाचकप्रिय झाले. शहरे, रेल्वे व माणसांचा मोकळेपणा यांचे प्रत्यक्ष वर्णन त्यातून मराठीत आले, ही त्याची जमेची बाजू होय. हिंदी चित्रपटाने मात्र चाँदनी चौक टू चायना (२००९) मध्ये चिनी भिंत व कुंग-फू यांपलीकडे जाण्याचे मनावर घेतले नाही.

चित्रणाचा आणखी एक विरोधाभास असा की, २०१८ च्या सुमारास ग्रामीण महाराष्ट्रात ज्या माध्यमावर शेतकरी, गृहिणी व लोककलावंत आपल्या चित्रफिती टाकू लागले, ते टिकटॉक चिनी मालकीचे होते. त्यावर चीन मात्र जवळजवळ दिसतच नसे. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यातील चकमकीत वीस भारतीय सैनिक धारातीर्थी पडले. त्याच महिन्याच्या अखेरीस भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अनुप्रयोगांवर बंदी घातली. वृत्तवाहिन्यांवरील चीन पुन्हा १९६२ च्या साच्यात गेला.

चिनी प्रेक्षक भारतीय चित्रपट अधिक आस्थेने पाहतो, असे दिसते. कुस्तीगीर मुलींच्या बापाची कथा सांगणारा दंगल २०१७ मध्ये तेथे प्रदर्शित होऊन एक हजार कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळवून गेला. मुलींना दुय्यम लेखणाऱ्या घरांतील प्रेक्षकांस तो आपलाच वाटला. भारतातून स्वस्त कर्करोगौषधे आणणाऱ्या एका माणसाच्या सत्यकथेवर आधारलेला मी औषधांचा देव नव्हे हा चिनी चित्रपट २०१८ मध्ये इतका गाजला की, औषधांच्या किमतींवर तेथील शासनास जाहीरपणे बोलावे लागले. आधुनिक चिनी मध्यमवर्गाची आजारपणातील असहायता भारतीय प्रेक्षकास समजावून देणारा इतका चांगला चित्रपट दुसरा नाही. भारतात तो फार थोड्यांनी पाहिला.

कोटणीसांच्या कथेचा चिनी बाजूचा प्रवासही नोंदण्यासारखा आहे. त्यांच्या अस्थी १९५३ मध्ये श-च्या-च्वांग येथील हुतात्मा स्मारकात हलविण्यात आल्या. १९८२ मध्ये चीनने त्यांच्यावर टपाल तिकिटे काढली व डॉक्टर के दिहुआ हा चित्रपटही त्याच वर्षी निघाला. त्यात केंद्रस्थानी आठवी मार्गसेना आहे आणि सोलापूर ही केवळ दूरची पार्श्वभूमी आहे. शांताराम यांच्या चित्रपटातील प्रमाण येथे नेमके उलटे झाले. पुत्र यिनहुआ वैद्यकीय शिक्षण पुरे होण्यापूर्वीच १९६७ मध्ये निधन पावला. गुओ छिंगलान यांनी पतीबरोबरच्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या, त्या अनेकदा भारतात आल्या व २०१२ मध्ये दालिअन येथे त्यांचे निधन झाले. सोलापुरातील कोटणीसांच्या घराचे महानगरपालिकेने स्मारक केले असून चीनमधून येणारी शिष्टमंडळे तेथे भेट देतात.